नवीन कन्सोल लाँचलाच घ्यायचा का थांबायचं? सांगली-साताऱ्याकडच्या माणसानं ठरवायचं कसं

नव्या कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनची, घोषणा झाली की आमच्या विश्रामबागेतल्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, भावा लगेच घेऊ का थांबू? आणि उत्तरं पण ठरलेली. एकजण म्हणतो घेऊन टाक, पैसा काय वर घेऊन जाणार आहेस का. दुसरा म्हणतो वर्षभर थांब, निम्म्यात मिळंल. या दोन्ही उत्तरांत तुमचा टीव्ही नाही, घरची लाईट नाही, नेट नाही, पगार नाही, आणि तुम्ही नक्की काय खेळणार हे तर कुणी विचारतच नाही. पन्नास-पंचावन्न हजार म्हणजे आपल्याकडं कितीतरी घरांत दोन-अडीच महिन्यांचा पगार असतो, त्यामुळं ही गोष्ट वही घेऊन बसून ठरवायची आहे, ट्रेलर बघून नाही.

माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढं वाचताना गोंधळ नको. बहुतेकांनी पहिलं वर्ष जाऊ द्यावं. पण "स्वस्त होईल" म्हणून नाही. थांबायची खरी कारणं वेगळी आहेत, आणि काही लोकांनी तर पहिल्याच दिवशी घ्यावा असंही माझं मत आहे. तुम्ही कशात बसता ते खालच्या क्रमानं गेलं की कळेल.

आधी किमतीचा जुना हिशोब डोक्यातनं काढा

थांबलं की स्वस्त होतं हे पूर्वी खरं होतं. निन्टेन्डोचा थ्रीडीएस अमेरिकेत मार्च २०११ ला २४९.९९ डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये १६९.९९ वर आणला, पाच महिन्यांत ८० डॉलर कमी. ज्यांनी आधी घेतला त्यांची समजूत काढायला कंपनीला वीस जुने गेम्स फुकट द्यावे लागले. अशा गोष्टी आपण ऐकत आलोय म्हणून ते "थांब की लेका" तोंडात बसलंय.

आता सोनीच्या प्लेस्टेशन ५ चं, म्हणजे पीएस ५ चं बघा. भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे डिस्क न घालता गेम नेटवरनंच उतरवायचा, ३९,९९० ला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोच डिस्कवाला ५४,९९० झाला आणि डिजिटल ४४,९९०. म्हणजे पावणेदोन वर्षं थांबलेल्या माणसानं पाच हजार जास्त मोजले. एप्रिल २०२४ ला त्याचाच लहान स्लिम आला तो पण ५४,९९० लाच. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये पीएस ५ अजून ५० डॉलरनं वाढवला, आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स तर ४९९ डॉलरचा २०२५ च्या एका वर्षात दोन वेळा वाढून ६४९ वर गेला. पाच वर्षं जुनं मशीन आणि किंमत वर, हे आधीच्या पिढ्यांत असं होत नव्हतं.

म्हणून मूळ किंमत उतरायची वाट बघत बसायचं नाही. वाट बघायचीच तर सूट लागण्याची बघा. जुलै २०२३ मध्ये, ऐन पावसाळ्यात, पीएस ५ वर भारतात साडेसात हजारांची सूट लागली होती, ५४,९९० चा ४७,४९० ला. त्यानंतरही अशा सवलती अधूनमधून लागत आल्यात. जे टपून बसलेले असतात त्यांनाच त्या मिळतात, कारण मुदत दोन-तीन आठवड्यांची असते आणि आपल्याला कळेपर्यंत संपलेली असते.

पहिलं खरं काम: गेम्सची यादी

कागद घ्या. लाँचच्या दिवसापासून पुढच्या बारा महिन्यांत तुम्ही जे गेम्स पैसे देऊन खेळणार आहात त्यांची नावं लिहा. ट्रेलर भारी वाटला म्हणून लिहायचं नाही, खरोखर घेणार ते लिहायचं. मग प्रत्येकापुढं एकच गोष्ट तपासून लिहा, हा गेम तुमच्याकडं आत्ता जे मशीन आहे त्याच्यावर येणार आहे का?

इथंच निम्म्या लोकांचा निर्णय होऊन जातो. पीएस ५ आला तेव्हाचं सांगतो. स्पायडरमॅन माइल्स मोरालेस लाँचलाच आला, पण तो पीएस ४ वर पण होता. होरायझन फॉरबिडन वेस्ट फेब्रुवारी २०२२, ग्रॅन टुरिस्मो ७ मार्च २०२२, गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक नोव्हेंबर २०२२. हे सगळे मोठ्ठे गेम्स पीएस ४ वर पण खेळता येत होते. ग्राफिक्स कमी, लोडिंगला वेळ, कबूल, पण गोष्ट तीच आणि मजा तीच. म्हणजे ज्याच्या घरी चालता पीएस ४ होता त्याला दोन वर्षं फारसं काही हुकलं नव्हतं. नव्या मशीनवरच चालणारा डेमन्स सोल्ससारखा एखादा गेम होता, तो ज्याला हवा होता त्याचा प्रश्न वेगळा.

दुसरं, लाँचसाठी जाहीर केलेला गेम लाँचला येईलच असं नसतं. हेलो इन्फिनिट हा एक्सबॉक्स सिरीज एक्सचा मुख्य गेम म्हणून नोव्हेंबर २०२० ला यायचा होता, खोक्यावरसुद्धा त्याचंच चित्र छापलेलं, आणि आला डिसेंबर २०२१ ला. ज्यांनी फक्त त्याच्यासाठी मशीन घेतलं ते वर्षभर जुनेच गेम्स खेळत बसले. जीटीए सिक्सची तारीख पण मे २०२६ वरनं नोव्हेंबर २०२६ ला ढकलली. म्हणून यादीत ज्या गेमला पक्की तारीख नाही त्याच्यापुढं फुली मारायची, तो हिशोबात धरायचाच नाही.

आणि जीटीए फाइव्ह आठवतंय का, तो सप्टेंबर २०१३ ला पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, म्हणजे नवे कन्सोल बाजारात यायच्या दोन महिने आधी, आणि पीएस ४ वर यायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. त्या पिढीतला सगळ्यात गाजलेला गेम वर्षभर फक्त जुन्या मशीनवर होता.

पोरासाठी घेणाऱ्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट, कारण हे सारखं घडतं. पोरगं मोबाइलवर बीजीएमआय खेळतंय म्हणून कन्सोल घ्यायला जाऊ नका. बीजीएमआय मोबाइलचाच गेम आहे, कन्सोलवर येत नाही. कन्सोलवरचा पबजी वेगळा, जानेवारी २०२२ पासून फुकट आहे, पण त्यात मोबाइलवरची आयडी, स्किन, मित्रांची स्क्वाड यातलं काहीच येणार नाही. आधी पोराला विचारा तुझे मित्र कशावर खेळतात. त्याचे सगळे मित्र मोबाइलवर असतील तर पन्नास हजारांचं मशीन आणून ते एकटंच बसणार आणि आठवड्यात परत मोबाइल हातात घेणार.

यादीत तीन किंवा जास्त गेम्स असे उरले की जे फक्त नव्या मशीनवरच आहेत आणि वर्षाच्या आत नक्की येणार आहेत, तर पुढं चला. एक-दोनच उरले तर थांबायच्या बाजूला झुका. एकही नाही उरला तर इथंच थांबा.

लाँचचं मशीन अजून पुरतं झालेलं नसतं

थांबायचं माझं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि याच्यावर कुणी फारसं बोलत नाही.

पीएस ५ च्या आत ८२५ जीबीची स्टोरेज, त्यातली वापरायला मिळते साधारण ६६७ जीबी. जागा वाढवायला आत एम डॉट टू एसएसडीचा, म्हणजे जादा स्टोरेजची पट्टी लावायचा, स्लॉट दिलाय. पण लाँचला तो स्लॉट बंद होता! मशीन उघडलं की दिसायचा, त्यात काही लावता येत नव्हतं, सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर चालू झाला. व्हीआरआर, म्हणजे फ्रेम्स खालीवर झाल्या तरी चित्र फाटू न देणारी सोय, एप्रिल २०२२ ला आली. कॉम्प्युटर मॉनिटरवाल्यांना लागणारं १४४० पी रिझोल्यूशन सप्टेंबर २०२२ ला. म्हणजे ज्या गोष्टींचं कौतुक ऐकून लोकांनी मशीन घेतलं त्यातल्या बऱ्याच दीड-दोन वर्षांनी हातात आल्या. अपडेट फुकट असतात, नंतर जुन्या मशीनला पण मिळतात, त्यामुळं लवकर घेणाऱ्याचं नुकसान झालं असं नाही. पण पहिल्या वर्षी तो पूर्ण मशीनचे पैसे देऊन कमी मशीन वापरत असतो.

बिघाडाचं पण तसंच. एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ ला आला आणि तापून बंद पडायचा, पुढच्या चालू-बंद बटणाभोवती तीन लाल पट्ट्या पेटल्या की मशीन गेलं. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्याच्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. इतका मोठा दोष प्रत्येक वेळी नसतो, पण असलाच तर तो लाँचच्या आठवड्यात दिसत नाही, हजारो घरांत सहा-आठ महिने वापर झाला की दिसतो. निन्टेन्डो स्विचच्या जॉयकॉन कंट्रोलरची काडी आपोआप सरकायची तक्रारही अशीच वापरानंतर वर आली.

आता स्लिमचं. पीएस ३ २००६ ला आला, स्लिम २००९ ला. पीएस ४ २०१३ ला, स्लिम २०१६ ला. पीएस ५ २०२० ला, स्लिम २०२३ ला. तीनही वेळा तीन-तीन वर्षं! पुढच्या वेळी असंच होईल याची हमी कुणी देत नाही, पण तुम्हाला लहान, हलकं मशीन हवं असेल आणि घाई नसेल तर तीन वर्षांचा अंदाज धरून चालायला हरकत नाही.

उलट बाजू पण सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. कधीकधी पहिल्याच मशीनमध्ये जास्त माल असतो. पीएस ३ च्या सुरुवातीच्या ६० जीबी मॉडेलमध्ये पीएस २ च्या डिस्क चालायच्या, खर्च वाचवायला कंपनीनं ते नंतरच्या मॉडेल्समधनं काढून टाकलं. तुमच्याकडं जुन्या डिस्कचा साठा असेल तर नवं मशीन जुने गेम्स किती चालवतं हे लाँचच्या वेळीच नीट वाचा.

भारतात खरंच आलाय का, का आणलेला आहे

जगात लाँच झाला म्हणजे साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच्या दुकानात आला असं होत नाही. पीएस ५ अमेरिकेत १२ नोव्हेंबर २०२० ला आला, आपल्याकडं फेब्रुवारीत. पीएस ४ पण तसाच, तिकडं नोव्हेंबर २०१३, इकडं जानेवारी २०१४. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस मात्र १० नोव्हेंबर २०२० ला जगाबरोबरच इथं आले. पीएस ५ चं जास्त ताकदीचं मॉडेल, पीएस ५ प्रो, नोव्हेंबर २०२४ च्या लाँचला भारतात आलंच नाही, कारण त्याच्या वायफाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा इथं खुला नव्हता. आणि निन्टेन्डोनं स्विच किंवा स्विच २ भारतात अधिकृतपणे आणलाच नाही, इथं जो मिळतो तो कुणीतरी बाहेरनं आणलेला.

भारतात उशिरा येतो याचं वाईट वाटून घेऊ नका. ते दोन-अडीच महिने म्हणजे आपल्याला फुकट मिळालेली परीक्षा. तिकडचे लोक वापरून सांगतात पंखा किती आवाज करतो, कंट्रोलरची बॅटरी किती पुरते, कुठला गेम अडकतो. इथली बुकिंग सुरू होईपर्यंत ते सगळं वाचून काढा.

पण याच काळात बाहेरनं आणलेले डबे जास्त दरानं विकायला सुरुवात होते आणि माणूस घाईत फसतो. ओळखायचं कसं ते सांगतो. साताऱ्यात राजवाड्याजवळ मित्राबरोबर एका काउंटरवर उभा होतो, दुकानदारानं सीलबंद डबा पुढं ठेवला, इंडियन पीस आहे म्हणाला. डबा फिरवून बघितला तर कुठंच एमआरपी नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, तक्रारीसाठी फोन नंबर नाही. भारतात रीतसर आलेल्या प्रत्येक डब्यावर हे छापलेलं किंवा चिकटवलेलं असावंच लागतं, कायदाच आहे तसा. शेजारी त्याच लॉटमधला एक डबा उघडलेला होता, त्यातली केबल काढून बघितली तर जाड चौकोनी तीन पिनांचा प्लग, म्हणजे दुबई, हाँगकाँग किंवा इंग्लंडचा माल. विचारलं बिल कसलं देणार, तर म्हणाला आमच्या दुकानाची गॅरंटी हाय की. दुकानाची गॅरंटी म्हणजे बिघडलं तर ते कुठल्यातरी रिपेअरवाल्याकडं देणार, कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही.

निन्टेन्डोचं घेणारच असाल तर तुम्हाला आणलेलाच घ्यावा लागेल, मग निदान एवढं बघा. स्विच २ चा जपानात विकला जाणारा स्वस्त डबा आहे, तो फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपानचंच अकाउंट लागतं. कुणी दरात खूप कमी सांगत असेल तर तोच तर नाही ना हे आधी विचारा. त्यात जागा वाढवायला साधं मेमरी कार्ड पण चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं, ते महाग असतं आणि आपल्या गावात सहज मिळत नाही.

सर्व्हिसचं पण याच टप्प्यात विचारून घ्या. कस्टमर केअरला फोन लावा, तुमचा पिनकोड सांगा आणि विचारा, मशीन बिघडलं तर घरनं उचलून नेणार का मला नेऊन द्यावं लागणार, आणि कुठं. सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, साताऱ्याहून शंभरच्या वर. नेऊन द्यायचं म्हटलं तर एक दिवस रजा आणि परत आणायला अजून एक, हा पण खर्चच आहे.

आता पूर्ण रक्कम मांडा

डब्यावरची किंमत म्हणजे सुरुवात. पीएस ५ च्या लाँचचेच आकडे घेऊन मांडतो. डिस्कवालं मशीन ४९,९९०. घरात भाऊ आहे, म्हणजे दुसरा कंट्रोलर आलाच, तेव्हा ५,९९०. सोनीचे स्वतःचे नवे गेम्स ४,९९९ ला एक, दोन घेतले तर ९,९९८. बेरीज ६५,९७८. यात यूपीएस नाही, ऑनलाइन खेळायची वर्गणी नाही, एसएसडी नाही, काही नाही. ऑनलाइन वर्गणीचं लक्षात ठेवा, फुकट असलेल्या गेम्सना ती लागत नाही, पण विकत घेतलेला गेम प्लेस्टेशनवर मित्रांबरोबर नेटवर खेळायचा असेल तर पीएस प्लस घ्यावंच लागतं, आणि ते दर वर्षी.

डिजिटल घ्यायचा का डिस्कवाला, तर आपल्याकडं माझं उत्तर डिस्कवाला. लाँचला दहा हजारांचा फरक होता, तो बघून लोक डिजिटल उचलतात. पण डिस्क विकता येते, मित्राशी अदलाबदल करता येते, सांगली-मिरज-कोल्हापूर पट्ट्यात डिस्क फिरवणारे बक्कळ आहेत. ४,९९९ चा गेम खेळून संपवला आणि तीन हजारांना विकला तर तुम्हाला तो दोन हजारांत पडला. असे चार गेम्स झाले की दहा हजारांचा फरक भरून निघतो. आणि तुमच्याकडं पीएस ४ च्या डिस्क असतील तर त्या डिजिटल मशीनमध्ये घालायलाच जागा नाही. फक्त एक बघा, दुसऱ्या देशाची डिस्क घेतली तर गेम चालतो पण त्याचं वाढीव सामान तुमच्या भारतातल्या अकाउंटवरनं घेतलेलं जुळत नाही, त्यामुळं भारतातलीच डिस्क बरी.

घर तपासा: टीव्ही, खण, लाईट, नेट

टीव्ही साधा फुल एचडी असेल तर नवा कन्सोल चालतो, काही अडत नाही. पण नव्या मशीनचा निम्मा रुबाब फोर केमध्ये आणि १२० हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं दाखवण्यात असतो, त्याला एचडीएमआय २.१ सॉकेटवाला टीव्ही लागतो. टीव्ही पण बदलायचा असेल तर तो खर्च याच वहीत लिहा, वेगळा धरू नका.

जागा मोजायची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. कराडला आतेभावाच्या घरी सुताराकडनं करून घेतलेलं टीव्ही युनिट आहे, खाली सेटटॉप बॉक्ससाठी खण, पुढं काच. पहिला पीएस ५ जवळजवळ ३९ सेंटिमीटर लांब, २६ रुंद, साडेदहा जाड आणि साडेचार किलोचा. आम्ही मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा ३९ बाय २६ कापला आणि आडवा खणात सरकवला. लांबीला बसला, पण मागच्या प्लायला जाऊन टेकला, केबलसाठी बोटभर जागा उरंना, आणि पुढची काच लागंना. वहिनी म्हणाल्या काच काढून टाका. काच काढली तरी मागनं गरम हवा बाहेर पडायला वाट नव्हती, आणि मशीन सगळी गरम हवा मागनंच सोडतं. शेवटी सुताराला बोलवून मागची प्लाय गोल कापून घेतली. पुठ्ठ्याला खर्च शून्य, पण मशीन आणल्यावर हे कळलं असतं तर ते जमिनीवर, फरशीच्या धुळीत पडलं असतं. कंपनी मापं लाँचच्या आधीच जाहीर करते, पुठ्ठा कापून बघाच.

लाईटचं. गेम चालू असताना पीएस ५ साधारण २०० वॅट खातो, ४३ इंची टीव्ही धरा शंभरेक, राउटर दहा. ६०० व्हीएचा साधा कॉम्प्युटर यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यात हे बसतं, पण काही मिनिटंच चालेल. तेवढी मिनिटंच पाहिजे असतात, गेम सेव्ह करून नीट बंद करायला. मध्येच लाईट गेली की पुढच्या वेळी मशीन नीट बंद केलं नव्हतं म्हणून सांगतं आणि स्टोरेज तपासत बसतं, आणि हे सारखं सारखं होणं डेटाला चांगलं नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस आला की संध्याकाळी लाईट हमखास ये-जा करते, त्या दिवसांत रेस्ट मोडवर ठेवून झोपू नका, पूर्ण बंद करून प्लग काढा. घरी मोठा इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह, म्हणजे लाईनसारखीच वीज देणारा, आहे का बघा.

सांगलीत गावभागात किंवा नदीकडंच्या बाजूला खालच्या मजल्यावर राहत असाल तर अजून एक. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै आपण बघितलाय. पाणी गेलेल्या मशीनला वॉरंटी नसते. आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की टीव्ही-फ्रिजच्या आधी हे उचलून वरच्या मजल्यावर नेता येतं, म्हणून ओरिजिनल डबा आणि आतलं थर्माकोल टाकू नका.

नेट. मोठे गेम्स आता शंभर जीबीच्या आसपास असतात. ५० एमबीपीएसच्या लाईनवर शंभर जीबी उतरायला साडेचार तास, ३० वर साडेसात. फायबर असेल तर रात्री लावून सोडा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करायचा विचार असेल तर डिस्क घेऊनसुद्धा अडचण आहे, कारण डिस्कच्या गेमलाही पहिल्या दिवशी मोठ्ठं अपडेट असतं. गावात, म्हणजे जतकडं किंवा माण-खटावच्या बाजूला जिथं फायबर पोहोचलेलं नाही, तिथं मी लाँचला घ्या असं कधीच सांगणार नाही.

पैसे कधी हातात येतात

कन्सोल बहुतेक नोव्हेंबरात येतात. पीएस ३, पीएस ४, पीएस ५, एक्सबॉक्स ३६०, एक्सबॉक्स वन, सिरीज एक्स, सगळे नोव्हेंबरातले. नोकरदाराचा दिवाळी बोनस नेमका तेव्हाच असतो त्यामुळं मोह होतो. ऊसवाल्या घरांत मात्र उलटं असतं, कारखाने सुरू होऊन तोड लागायचा तो काळ, कायद्यानं ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला दर, मिळायला पाहिजे, पण तोडच जानेवारीत आली तर बिल कुठनं येणार. अशा घरात नोव्हेंबरात हप्त्यावर घेऊन बिलाची वाट बघत बसू नका. भारतातलं लाँच फेब्रुवारीत आलं तर ते उलट सोयीचंच पडतं.

हप्त्याचं एवढंच सांगतो. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बँक व्याज लावतेच, तेवढीच रक्कम सूट म्हणून आधी कमी दाखवतात. क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, वर बऱ्याचदा प्रोसेसिंग फी. आणि रोख दिले असते तर जी सूट मिळाली असती ती जाते. दुकानात दोन्ही रकमा कागदावर लिहून मागा, रोख किती आणि हप्त्यानं सगळं मिळून किती. हप्ता तुमच्या महिन्याच्या उरणाऱ्या पैशाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असेल तर घेऊ नका, हे माझं स्वतःचं गणित आहे.

मग घ्यायचा कुणी

माझ्या मते लाँचला घ्यावा त्यानं, ज्याच्याकडं चालतं मशीनच नाही आणि कमावतं झाल्यापासून पहिल्यांदाच घेतोय. त्याला जुन्या गेम्सचाही साठा नवाच आहे, पीएस ५ वर पीएस ४ चे जवळजवळ सगळे गेम्स चालतात तसं पुढंही चाललं तर त्याला पहिल्या दिवसापासून खेळायला भरपूर आहे. दुसरा, ज्याच्या यादीत खरंच तीन-चार गेम्स उरलेत आणि पैसे बाजूला आहेत. तिसरा, जो यूट्यूबवर गेमिंगचं काम करतो, त्याचा धंदाच पहिल्या आठवड्याचा आहे.

चालता पीएस ५ ज्याच्याकडं आहे, त्यानं थांबावं. दहावी-बारावीचं पोरगं घरात आहे, त्यांनी फेब्रुवारी-मार्च जाऊ द्यावा, पोराला तारीख सांगून शब्द द्यावा आणि तो पाळावा. आणि ज्याचं बजेट तीस हजारांच्या आत आहे त्यानं लाँचचा फायदा उलट्या बाजूनं घ्यावा, नवा आला की लोक जुना विकायला काढतात, तेव्हा चांगला वापरलेला जुना कन्सोल बिलासकट आणि वॉरंटी शिल्लक असलेला शोधावा. हा पर्याय कमी दर्जाचा मानू नका, दोनशे चांगले गेम्स त्याच्यावर पडलेत.

आता खास अमक्या कंपनीचेच गेम्स हवेत म्हणून घाई, हे पण पूर्वीइतकं राहिलं नाही. एक्सबॉक्सचा फोर्झा होरायझन ५ एप्रिल २०२५ ला पीएस ५ वर आला, सोनीचे बरेच गेम्स पीसीवर आलेत. ज्याच्याकडं बरा गेमिंग पीसी आहे त्यानं हे धरून ठरवावं.

घ्यायचाच ठरला तर

बुकिंगच्या आधी अकाउंट, पत्ता, कार्ड सगळं भरून ठेवा. १२ जानेवारी २०२१ ला पीएस ५ ची बुकिंग दुपारी सुरू झाली आणि काही मिनिटांत संपली, पत्ता टाईप करत बसलेल्यांचं गेलं. गावातल्या ओळखीच्या दुकानात पण नाव घालून ठेवा, पण आगाऊ पैसे दिले तर छापील पावती घ्या, त्यावर मॉडेल, किंमत आणि पैसे परत कधी मिळणार हे लिहून घ्या. टंचाईत दुकानदार दोन न चालणारे गेम्स आणि एक हेडफोन गळ्यात मारूनच मशीन देतात, त्या गेम्सची रोखीनं किंमत काय ते मोजून मगच हो म्हणा. एमआरपीच्या वर एक रुपया देऊ नका, पुढचा लॉट येतोच.

घरी आणल्यावर डबा उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, सील तोडण्यापासून सिरीयल नंबर दिसेपर्यंत, बिलावरचा नंबर आणि मशीनवरचा एकच आहे का बघा. मग पहिल्याच दोन-तीन दिवसांत सगळं चालवून बघायचं, कारण बदलून द्यायची मुदत मोजक्याच दिवसांची असते. डिस्क घालून काढून घालून बघा, सगळे यूएसबी लावून बघा, जड गेम दोन तास सलग चालवा आणि पंख्याचा आवाज ऐका, घरघर किंवा टकटक आली तर थांबू नका. कंट्रोलर टेबलावर ठेवून हात लावू नका आणि गेममधला कॅमेरा आपोआप सरकतोय का बघा. दोन्ही कंट्रोलरचं हे करा, दुसरा वेगळा घेतला असेल तर त्याचं बिल आणि वॉरंटी वेगळी असते. काही सापडलं तर व्हिडिओसकट त्याच दिवशी तक्रार टाका, फोनवर नुसतं बोलून ठेवू नका, तक्रारीचा नंबर मेसेजवर आल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.